मढे घाटाच्या वाटेवर

गुहा आणि थडगी यांचे माणसाच्या मनाला फार जुने आकर्षण आहे. फिलिपाइन्स बेटांतील सागाडा या डोंगरी गावी चुनखडीच्या गुहांत शवपेट्या रचून ठेवलेल्या आहेत, काही तर उभ्या कड्याला टांगलेल्या आहेत. आपल्या मेघालयातही चुनखडीच्या कोसकोस लांबीच्या गुहा आहेत, आणि तेथील खासी लोकांनी पूर्वजांच्या नावे उभारलेल्या शिळा आहेत. अशी वर्णने वाचली की मनात प्रश्न येतो, आपल्या सह्याद्रीने आपल्या मृतांना कोठे ठेवले? या प्रश्नाचा मागोवा घेण्यासाठी आम्ही तिघे स्नेही चार दिवस पानशेतास मुक्काम करून वेल्ह्याच्या मुलखात हिंडलो.

गुहांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बाम्ल वायू शोषून किंचित आम्ल होते, आणि चुनखडी अशा पाण्यात हळूहळू विरघळते. लक्षावधी वर्षांनी तिच्या पोटात दालने तयार होतात. आपला डोंगर मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर बसून झालेला. हा काळा कातळ झिजतो, फुटतो, पण चुनखडीसारखा विरघळत नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवर निसर्गाने कातळाला आरपार भोक पाडले आहे, त्यास नेढे म्हणतात. सुईच्या नेढ्याइतकीच सवलत या दगडाने निसर्गाला दिली, असे म्हणावयाचे! बाकी येथील टाकी काय आणि लेणी काय, सारी माणसाच्या छिन्नीची करणी.

थडग्यांचीही तीच गत. आपण देह अग्नीला देतो आणि रक्षा नदीला देतो. तान्ही मुले आणि संन्यासी यांनाच बहुधा भूमी मिळते. पण हे नेहमी असेच नव्हते. याच पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजाच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत अर्भकाचा देह दोन घड्यांत ठेवून, घड्यांची तोंडे एकमेकांस भिडवून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. बऱ्याच प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळली. मृताने उठून चालू लागू नये, असा त्यामागील हेतू असावा असा तर्क आहे. आम्हांस त्यात भयापेक्षा मायाच अधिक दिसते. ज्या जमिनीवर चूल पेटते तिच्याखाली मूल निजवणाऱ्या आईला ते दूर जाऊ द्यावयाचे नव्हते, एवढे खरे.

मग थडगे सोडून देणाऱ्या आमच्या पूर्वजांनी आठवण कशात ठेवली? तोरण्याच्या पायथ्याशी वेल्हे गावात मेंगाईचे देऊळ आहे. त्याच्या आवारातील वीरगळ पाहताना याचे उत्तर मिळते. वीर आणि कानडी कल्ल, म्हणजे दगड, यांचा हा शब्द. वीरगळाची मांडणी ठरलेली: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शेवटी चंद्रसूर्य. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. नाव नाही, गाव नाही. केवळ चंद्रसूर्य असेतो स्मरण राहो, ही इच्छा. वाटेवरच्या एका वाडीत अशाच झिजलेल्या दगडाला एक म्हातारी तेल घालीत होती. “आजी, हा कोण?” असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “कोन ठावं, बाबा! सासू घालायची, म्हनून मी घालते.” नाव गेले, पण तेल चालू राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही केळदच्या पुढे घाटमाथ्यावर गेलो. येथून कोकणात उतरणारी वाट ती मढे घाट. १६७० साली सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले आणि त्यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला, म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. येथे दगडही नाही. एका शब्दावर सारे स्मारक उभे आहे. त्या उतरणीकडे पाहिले म्हणजे खांदा देणाऱ्यांची आठवण होते. त्यांची नावे कोणी सांगत नाही.

पानशेतला परतल्यावर धरणाच्या काठी एक वृद्ध शेतकरी भेटले. अंबी नदीवरील हे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यावर लोंढा आला, हे आपणां शहरवासीयांस ठाऊक असते. धरण पुन्हा बांधले गेले. जलाशयास तानाजीसागर असे नाव दिले. पण पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण आपणांस क्वचितच होते. ते गृहस्थ लहानपणी अशाच एका गावातून आईबापांबरोबर निघाले होते. आम्ही म्हटले, “बाबा, देव तरी बरोबर नेता आले ना?” ते म्हणाले, “देव गाडीत घालून नेले. मसनवटा कसा न्यायचा? आजा तितंच ऱ्हायला.” दर वर्षी पितृपक्षात एकदा ते काठावर येतात, ओंजळभर पाणी सोडतात आणि परत जातात.

आमच्या डोंगरात गुहा नाहीत आणि थडगी नाहीत, म्हणून येथे मृत जपले जात नाहीत असे कोणी समजू नये. ते जपण्याचे काम दगडाने केले नाही, तर माणसांच्या हातांनी केले आहे. गुहेत ठेवलेली शवपेटी कोणी न फिरकताही शेकडो वर्षे टिकते. तेलाचा हात मात्र एका पिढीनेही आखडून चालत नाही. वाडीतल्या आजींची सून पुण्यास नोकरीला आहे, एवढे आम्ही जाता जाता ऐकले.