बंड्याच्या नावाशेजारचा 'एफ'

ब्रिटनमध्ये शर्यतीच्या घोड्याची कर्मकहाणी त्याच्या नावाशेजारी आकड्या-अक्षरांत छापलेली असते. कितवा आला तो आकडा. पडला तर एफ, जॉकी खोगिरावरून सुटला तर यू, दुसरा पडल्यामुळे खाली आला तर बी, मधेच थांबवला तर पी, उडी मारायलाच नकार दिला तर आर. आमच्या घोड्याला एफ लागला. तो बी होता, असं माझं म्हणणं आहे. घोडा विकला गेला, आमची भागीदारी मोडली, तरी विषय निघाला की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "अगं, एक अक्षर तर आहे!" अक्षरच आहे. पण घोड्याला भाव किती मिळणार आणि पुढे त्याच्यावर कोण बसायला तयार होणार, हे त्या अक्षरावरच ठरतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ग्लॉस्टरशरमधल्या एका हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि खुबे चालते करते. चेल्टनमचं मैदान जवळ, त्यामुळे आमच्याकडे डबा खायच्या वेळी घोड्यांशिवाय दुसरं बोलणं नाही. अशाच एका जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी मिळून घोडा घ्यायचं ठरवलं आणि एक छोटा हिस्सा माझ्या गळ्यात पडला. माझं लहानपण पुण्यात कॅम्पाच्या बाजूला गेलं. पावसाळ्यात तिथे रेसचा मोसम असतो, पण आमच्या घरात रेस म्हणजे जुगार, विषय संपला. शिवाय आपल्याकडच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. घोडा वाटेतले अडथळे ओलांडत तीन-तीन मैल पळतो, हे मी इथे येऊन पाहिलं. आईला फोनवर सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "घेतलायस तर घेतलायस, बाबांना सांगू नकोस."

घोड्याचं कागदोपत्री नाव भलतंच लांबलचक होतं. घरी आम्ही त्याला बंड्या म्हणायचो.

पहिल्यांदा सकाळच्या सरावाला गेले तेव्हा सगळ्यांसारखी मीही हवेतल्या घोड्याकडे बघत होते. तबेल्यात काम करणारी एक पन्नाशीची आयरिश बाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "वर काय बघतेस? फेन्सच्या अलीकडची जमीन बघ." त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते नंतर कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. उडी चांगली होणार की वाईट, हे घोडा जमीन सोडायच्या आत, शेवटच्या तीन ढांगांत ठरलेलं असतं. अंतर जुळलं तर त्याच लयीत तो उचलला जातो. जुळलं नाही तर दोनच मार्ग असतात. एक तर लांबूनच झेप घ्यायची, नाही तर एक आखूड ढांग जास्तीची टाकून फेन्सच्या बुडाशी जायचं आणि तिथून अंग वर काढायचं. लांबून घेतलेल्या झेपेला स्टँडमधून टाळ्या पडतात. पण दमलेल्या घोड्याने चिखलात तसं केलं की पुढचे पाय फेन्सपार जातात आणि मागचे अडकतात. ज्याला आखूड ढांग टाकता येते तो घोडा दिसायला साधा, पण म्हातारपणापर्यंत धडधाकट पळतो. बंड्याला ती टाकता यायची.

हर्डल आणि फेन्स यांत फरक आहे आणि तो नुसता उंचीचा नाही. फेन्स कमीत कमी साडेचार फूट उंच, बर्चच्या काटक्या गच्च बांधून केलेली. वरचा शेंडा घासला तर चालतं, त्याखाली छाती लागली तर फेन्स हलत नाही, घोडा हलतो. हर्डल साडेतीन फुटांचं, जमिनीत तिरकं रोवलेलं, धक्का लागला की आडवं होणारं. म्हणून हर्डलवर उंच उडणारा घोडा वेळ घालवतो. तिथे पाठीची कमान न करता, जवळजवळ धावतच, वरून सरकून जावं लागतं. हर्डलवर गुळगुळीत जाणारे कितीतरी घोडे फेन्सपुढे गडबडतात, कारण चूक केली तरी अडथळा वाकतो, ही सवय त्यांना लागलेली असते. बंड्याचं उलट होतं. हर्डलला तो मान देत नसे, दोन-चार आडवी करूनच यायचा. फेन्स दिसली की कान पुढे, गुडघे छातीशी, मान खाली आणि पाठ गोल.

घोड्याला फेन्स दिसते कशी, हाही एक गमतीचा भाग आहे. त्याच्या कपाळासमोर, अगदी जवळ, आंधळी जागा असते. म्हणजे ऐन उडीच्या क्षणी तो आठवणीवर उडतो. त्यातून त्याला नारिंगी आणि हिरवा हे रंग आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत, आणि इथे वर्षानुवर्षं फेन्सच्या पायथ्याच्या फळ्या आणि हर्डलच्या चौकटी नारिंगीच होत्या! एक्सिटर विद्यापीठाने त्यावर संशोधन केलं आणि 2022 पासून त्या पांढऱ्या होऊ लागल्या. इतकी वर्षं जे घोडे 'निष्काळजी' ठरले, त्यांतल्या किती जणांना ती फळी नीट दिसलीच नसेल, असा विचार माझ्या मनात येतो आणि मग मला पुन्हा राग यायला लागतो.

तर बंड्या उत्तम उडायचा, पण उजवीकडे. समोर उभं राहून पाहिलं की स्पष्ट दिसायचं. मधोमध येणारा घोडा फेन्स ओलांडून उतरेपर्यंत दोन-तीन हात उजवीकडे सरकलेला असायचा. डावीकडे वळणाऱ्या मैदानावर याचा अर्थ प्रत्येक उडीला बाहेर फेकलं जाणं. अठरा फेन्सच्या शर्यतीत ते नुकसान साचत जातं. ट्रेनरचं मत होतं, सवय आहे, जाईल. मी बंड्याला चालताना मागून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मला उजव्या मागच्या पायाची ढांग आखूड वाटली. डावा पाय पूर्ण जोराने ढकलतो, उजवा तेवढा जोर लावत नाही, मग अंग उजवीकडेच जाणार. माणसातही हेच होतं. मी तसं म्हटलं. उत्तर हसत-हसत मिळालं, "तुम्ही माणसांचे गुडघे बघा, घोडे आम्ही बघतो." सगळे हसले. मीही हसले असेन. पण निदान उजवीकडे वळणाऱ्या मैदानांवर तरी न्या, सँडाउन आहे, एक्सिटर आहे, लडलो आहे, हे म्हणायला फिजिओथेरपी शिकावी लागत नाही. त्या दिवशी योग्य शर्यत डावीकडच्या मैदानावर होती, म्हणून डावीकडे नेलं.

आता ती शर्यत. शेवटून दुसरी फेन्स, स्टँडसमोरच्या सरळ पट्ट्यात. बंड्या तिसरा, अंगात अजून जोर. त्याच्या पुढे, थोडा उजवीकडे, एक काळा घोडा. काळ्याचं अंतर चुकलं, तो लांबून उठला आणि फेन्सच्या मध्यावर आदळला. तो कोलांटला तेव्हा बंड्याने जमीन सोडलेली होती. उडी घेतलेल्या घोड्याला रस्ता बदलता येत नाही, ब्रेक नसतो. बंड्या उतरला. उतरताना क्षणभर जवळपास सगळा भार पुढच्या एका पायावर येतो, तो पाय त्याने व्यवस्थित टेकवला. दुसरा टेकवला. पुढच्या ढांगेला पुढचा भाग खचला, नाक गवताला लागलं, जिन्याची शेवटची पायरी चुकलेल्या माणसासारखा तो पुढे गेला आणि खांद्यावर पडला. दोन्ही घोडे उठले, दोन्ही जॉकी उठले. तेवढं मिळालं, ते खूपच झालं.

टीव्हीवर दाखवतात तो कॅमेरा बाजूचा, स्टँडकडचा. त्यात पडलेला काळा घोडा नेमका कॅमेरा आणि बंड्या यांच्या मधे येतो. बंड्याचे पाय दिसतच नाहीत. दिसतं ते एवढंच की घोडा उतरला आणि नंतर कोसळला. पण समोरूनही एक कॅमेरा असतो. त्याचं चित्रण आम्ही मिळवलं आणि मी ते चौकट-चौकट पुढे सरकवत पाहिलं. काळा घोडा उठायच्या धडपडीत मागचे पाय झाडतो आहे. त्यातला एक पाय बंड्याच्या उजव्या पुढच्या पायाला, गुडघ्याच्या खाली, आडवा लागतो. एका चौकटीत बंड्याचा पाय सरळ आहे, पुढच्या चौकटीत तो आत वळलेला आहे. यात मताचा प्रश्न कुठे येतो? जॉकीनेही खाली उतरल्या-उतरल्या तेच सांगितलं होतं. आम्ही रीतसर कळवलं. उत्तर आलं ते सभ्य होतं: उपलब्ध चित्रण पाहिलं, घोडा उतरताना अडखळून पडला, नोंद कायम. समोरचं चित्रण पाहिलं की नाही, यावर एक शब्द नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, यावेळी आणखी सभ्य. कोर्टाच्या तारखा परवडल्या, असं मला वाटून गेलं, निदान समोर कुणीतरी माणूस असतो.

आणि खरा त्रास त्यापुढचा. त्या एका अक्षरानंतर सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं, की हा घोडा पडणार! जे लोक आदल्या महिन्यात त्याच्या उडीचं कौतुक करत होते ते म्हणू लागले, हा फेन्सचा घोडा नव्हेच. त्याला परत हर्डलवर नेलं, जे त्याला कधीच आवडलं नव्हतं. तिथे तो मागेच राहिला आणि मग लिलावाच्या यादीत गेला. मोठ्या घोड्यांचं असं होत नाही. ॲनी पॉवर 2015 मध्ये चेल्टनमला शेवटच्या हर्डलवर पडली, तेव्हा ती एकटीच पुढे होती. पुढच्याच वर्षी तिने चॅम्पियन हर्डल जिंकली. काउटो स्टार 2007 च्या गोल्ड कपमध्ये शेवटच्या फेन्सवर चुकला आणि तरी जिंकला. 2010 ला तो त्याच शर्यतीत जबर पडला. पण त्याच्याबद्दल बोलताना लोक केम्प्टनला जिंकलेल्या पाच किंग जॉर्ज शर्यती मोजतात, पडणं मोजत नाहीत. मोठ्या घोड्याचं पडणं अपघात असतो, आणि आमच्या बंड्याचं पडणं म्हणजे त्याचा स्वभाव.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोरचं चित्रण मी अजून बघते, आणि त्यात आणखी एक गोष्ट आहे. बंड्या उडायच्या आधी काळ्या घोड्याच्या मागे नव्हता. त्याच्या डावीकडे होता, पुढे मोकळी वाट होती. हवेत असताना तो उजवीकडे सरकला आणि जिथे काळा घोडा पाय झाडत होता तिथेच उतरला. सरळ उडाला असता तर त्याला धक्काही लागला नसता. मग एफ बरोबर की काय? ज्या दिवशी हे दिसतं त्या दिवशी मला नोंद लिहिणाऱ्यांचा राग येत नाही, 'गुडघे बघा' म्हणणाऱ्याचा येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटतं, छे, लाथ लागली ती लागली, नियमाच्या भाषेत तो बीच. उजवीकडे सरकायला वेगळं अक्षर नाही.

बरं, नव्या मालकाने त्याची पाठ तपासली. उजव्या बाजूला, कमरेच्या जवळ, दुखरी जागा निघाली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! आता तो उजवीकडच्या मैदानांवर पळतो असं कळलं. बरा पळतो. पण अजूनही थोडा उजवीकडेच उडतो म्हणे. म्हणजे ट्रेनरची 'सवय' अगदीच खोटी नसावी. दुखणं जातं, दुखणं टाळायची रीत अंगात राहते, हे मी रोज रुग्णांना सांगत असते.

कुणाला घोड्यात हिस्सा घ्यायचा असेल तर माझं ऐका. विक्रीच्या वेळी दाखवतात ते बाजूचं चित्रण बघू नका, त्यात सगळेच घोडे देखणे उडतात. समोरून बघा. हवेतली उडी सोडा आणि उतरल्यानंतरच्या दोन ढांगा बघा: लगेच पळायला लागतो, की क्षणभर सावरत बसतो? दमल्यावर, शेवटच्या फेन्सला, गुडघे तेवढेच वर येतात का? आणि सगळं झाल्यावर त्याला सरळ रेषेत चालवायला सांगून मागे उभे राहा. कुणी हसलं तर हसू द्या.

भागीदारी मोडली तेव्हा पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या त्याच मंडळींनी नवा घोडा काढला. चार वर्षांचा, आयर्लंडहून आलेला. मी विचारलं, "उड्या कुठल्या बाजूला मारतो?"

"अजून एकही मारलेली नाही."

पैसे भरून टाकले.