अजून वायच

कुडाळच्या बाजारात पेट्या दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं. गणपतीच्या आधीचे दोन महिने आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, कारण वर्षभर माळ्यावर पडलेली प्रत्येक पेटी श्रावणाच्या तोंडावर खोकत खोकत आमच्याकडे येते. यंदा त्या रांगेत एक पेटी मामांची होती. मामांचं वर्षश्राद्ध झालं आणि आठव्या दिवशी मामेभाऊ ती घेऊन आला. त्याला खरं तर ती दुरुस्त करायची नव्हती. पुसून, पॉलिश करून मामांच्या फोटोखाली ठेवायची होती.

मी म्हटलं, ठेव. पुढच्या पावसाळ्यापर्यंत भात्याचं चामडं कडक होईल, सुरांवर हिरवा गंज चढेल, आणि मागच्या जाळीत कुंभारीण माशी माती भरेल. ते शेवटचं झालंही होतं. जाळी काढली तर बोटाएवढं मातीचं घर निघालं. तो गप्प बसला आणि पेटी ठेवून गेला.

मामा डबलबारीचे बुवा. ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: समोरासमोर दोन मंडळं, दोन बुवा, मृदंग, झांजा, मागे कोरस, आणि रात्रभर एकमेकांना टोले. बुवा स्वतः पेटी वाजवतो आणि गातो. शब्दाला शब्द लागला की मामा भात्यावरचा हात काढायचे, समोरच्या बुवाकडे बोट रोखायचे आणि भुवई उडवायचे. उजव्या हाताचा सूर तेवढा वेळ चालूच. चांगल्या पेटीच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेला दुसरा भाता असतो, तो हवा धरून ठेवतो आणि हात थांबला तरी पेटी काही क्षण गात राहते. मामांना हे क्षण अचूक माहीत होते. सूर बसायच्या आत हात परत भात्यावर. लोक हसून लोळायचे, पण त्यातली कसरत मला धंद्यात पडल्यावर कळली.

पेटीला नाकं मुरडणारे पुष्कळ. परदेशी वाद्य, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आकाशवाणीने तर 1940 पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आक्षेप खोटे नाहीत. पण कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून तिला जमिनीवर बसवलं, त्याचा खरा फायदा आमच्या भजन्यांनी घेतला. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, तोंड मोकळं. एवढं असलं की मामांसारख्या माणसाला आणखी काही लागत नाही.

मामा मुंबईला गिरणीत होते, साचेखात्यात. शेकडो मागांच्या खडखडाटात काम करून माणूस मोठ्याने बोलायला शिकतो. मामा घरीही तसंच बोलायचे. चवथीला ते आले हे मामीला रिक्षा वाडीच्या वळणावर असतानाच कळायचं. येताना गाडीतच पेटी उघडायचे आणि पनवेल सोडायच्या आत अर्धी गाडी कोरसात. घरी आले की मुलांना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झब्बू खेळायला बसवायचे आणि उघड-उघड चोरी करायचे. पत्त्यांच्या त्या जोडात इस्पिकचा गुलाम नव्हता. त्याच्या जागी आम्ही लग्नपत्रिकेचा तुकडा कापून घेतला होता. गुलाम मी हरवला असं मामा तीस वर्षं सांगत आले. माझ्या लग्नातही सांगितलं, सासरच्या मंडळींना, पंगतीत.

मात्र मामा सदा हसत असायचे हे जे लोक आता सांगतात, ते मला पटत नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दीड वर्षाने मामा एक ट्रंक आणि ही पेटी घेऊन कायमचे गावी आले. पेटी घेऊन थेट आमच्या दुकानात. मी दहा वर्षांचा होतो, फळीवर बसून सुरांचे स्क्रू मोजत होतो. मामा म्हणाले, किती येतील? बाबांनी पेटी उघडली, भाता मारला, सगळं नीट पाहिलं आणि इतकी कमी किंमत सांगितली की मलाही ती चूक वाटली. मामांचं तोंड लाल झालं. ‘‘भावोजी, पेटी विकूक इलंय, मोडीत घालूक नाय.’’ पेटी उचलून तरातरा निघून गेले. ते गेल्यावर बाबा पुन्हा कामाला लागले, मला काही बोलले नाहीत. पुढे मामांनी काजू लावले, बरे लागले, आणि हाच प्रसंग ते भावोजींच्या कंजूषपणाचा किस्सा म्हणून नकलेसकट सांगू लागले. बाबा हसायचे. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं असं मी धरून चालतो.

आता कामाचं सांगतो.

मामांची पेटी दुहेरी सुराची, म्हणजे एका पट्टीला दोन सूर बोलतात. शास्त्रीय गाण्याच्या साथीला हे दोन्ही तंतोतंत एक लावावे लागतात. भजनाला तसं चालत नाही, निदान मामांना चालायचं नाही. एक सूर केसभर चढा ठेवला की दोघांच्या भांडणातून एक लहर उठते, वाँव-वाँव अशी. त्याने आवाज झांजांच्या वर निघतो. मामा त्याला डोल म्हणायचे, आणि डोल असलेल्या पेटीला हसरी पेटी. एकदा मुंबईतल्या एका दुकानातून त्यांनी सूर लावून आणले. यंत्रावर लावलेले, स्वच्छ, एकरेषी. चूक काढायला जागा नव्हती. मामांनी एक गजर वाजवला आणि झाकण लावलं. ‘‘सुतकात बसल्यासारखी वाजता रे.’’

तेव्हापासून ते माझ्याकडेच यायचे आणि समोर स्टुलावर बसून राहायचे. सुराची जीभ पितळेची. टोकाकडे खरवडली की टोक हलकं होतं आणि सूर चढतो; बुडाशी खरवडली की जीभ लवचीक होते, सूर उतरतो. खाली पातळ पोलादी पट्टी सरकवायची, कानशीचे दोन हलके हात मारायचे, सूर परत बसवायचा, ऐकायचं. गेलेलं पितळ परत लावता येत नाही, म्हणून हात आखडता. मी दोन हात मारून बघायचो. मामा डोळे मिटून म्हणायचे, ‘‘अजून वायच.’’ पुन्हा दोन. ‘‘अजून वायच.’’ आणि मग कधीतरी एकदम मांडीवर थाप. वीस वर्षांत मी तो डोल किती हे कधी मोजलं नाही, वहीत लिहिलं नाही. मोजमाप समोर स्टुलावर बसलेलं असायचं.

पट्ट्या काढल्या तर खाली बुक्का, चार अक्षता, चण्याची सालं, आणि एका पट्टीखाली खडखड थांबवायला चार घड्या घालून दाबलेला पुठ्ठा. उलगडला. इस्पिकचा गुलाम. मी दुकानात एकटाच होतो आणि मोठ्याने शिवी घातली, मामांना.

मधल्या सप्तकाचे सूर उतरले होते, काहींच्या जिभा थकल्या होत्या. काळी चारचा षड्ज तर इतका वाजवलेला की पट्टीची कड झिजून खालचं लाकूड दिसत होतं. तिथे मामांचा डोल शोधण्यात अर्थ नव्हता. वरच्या सप्तकाला मात्र फारसा कोणी हात लावत नाही. तिथल्या सुरांवर मी मामांसमोर केलेलं शेवटचं काम जसंच्या तसं असणार. ब्रशने गंज तेवढा झाडला, वरचा षड्ज दाबला, घड्याळ धरून लहरी मोजल्या. दोन सेकंदांत बारा. एक सप्तक खाली आलं की त्याच डोलाच्या लहरी निम्म्या होतात, म्हणजे मधल्या षड्जाला दोन सेकंदांत सहा. तीन दिवस त्या हिशेबाने एकेक सूर लावला. आतल्या भात्याला नवं चामडं दिलं, हवा भरून आकडे मोजले, उत्तम धरत होता. गुलामाच्या जागी बनातीचा तुकडा चिकटवला. हुशारी केल्याच्या आनंदात पेटी स्वतः मामांच्या घरी घेऊन गेलो.

मामी स्वयंपाकघरात होती. पन्नास वर्षांत तिने पेटीला हात लावला असेल तो फक्त पुसायला. ओसरीवर बसून मी चार ओळी वाजवल्या. ती पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, ‘‘वायच जास्तच हसता रे. तेंची इतकी नाय हसायची.’’

मी हिशेब सांगायला तोंड उघडलं आणि तिथेच आठवलं. वरचे सूर लावताना मामा कधी ऐकतच नसत. मधलं सप्तक मनासारखं झालं की ते उठून चहा सांगायला जायचे, ‘‘थय वर कोण जाता?’’ म्हणत. वरचे सूर मी माझ्या कानाने लावले होते. तीन दिवस मोठ्या काळजीने मी माझाच डोल मोजत होतो.

पिशवीतून कानस काढली आणि ओसरीवरच बसलो. मामी पुन्हा आत गेली, कारण तिला तिथूनच ऐकायची सवय. मी बुडाशी एक हात मारायचो, वाजवायचो, आतून भांड्याचा आवाज यायचा, म्हणजे नाही. चौथ्या वेळी भांडी थांबली. ‘‘हां. ही तेंची. आता बंद कर, चाय निवता.’’

दोन सेकंदांत पाच लहरींपेक्षा किंचित कमी. या खेपेला वहीत लिहून ठेवलं आहे.

चवथीला पेटी बाहेर निघेल. शेजारच्या वाडीतला एक तरुण बुवा वाजवणार आहे. इस्पिकचा गुलाम मी जोडात परत ठेवला. त्याच्यावर चार घड्या उमटल्या आहेत, त्यामुळे तो कोणाच्या हातात आहे हे आता खेळणाऱ्या सगळ्यांना पाठीमागूनच कळतं.