तक्रार न येणारा बिघाड

गाविलगडच्या डोंगररांगेवरून दक्षिणेकडे पाहिले असता पूर्णेच्या खोऱ्याचा जो विस्तीर्ण, काळाभोर आणि दृष्टीस कोठेही न अडविणारा पट पसरलेला दिसतो, त्याच्या पोटात पाणी नाही असे नाही. परंतु अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर व्यापणाऱ्या या खारपाणपट्ट्यात विहीर खणणाऱ्याच्या वाट्याला बहुधा असे पाणी येते की ते पिण्याच्या कामाचे नसतेच, आणि कित्येक शिवारांत पिकालाही मानवत नाही. म्हणून या मुलखाची तहान भागविण्याची तजवीज करताना अभियंत्यांना उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याकडे वळावे लागले. शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगाव भागासाठी झालेली व १५६ गावांची म्हणून ओळखली जाणारी योजना, किंवा वारी भैरवगडजवळच्या वान धरणातून अकोट-तेल्हारा भागाला पाणी देणारी ८४ खेड्यांची योजना, या त्या वळणाच्या ठळक खुणा होत. पाणीपुरवठा अभियंता म्हणून माझी नोकरी प्रामुख्याने अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत झाली, आणि त्या काळात ज्या एका यंत्राने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, त्या दाब कमी करणाऱ्या झडपेविषयी, म्हणजे आमच्या खात्यात ज्याला सगळेच ‘पीआरव्ही’ म्हणतात त्याविषयी, मला येथे लिहावयाचे आहे.

डोंगराच्या पायथ्याचे धरण आणि सपाटीवरचे गाव यांच्यात जे उंचीचे अंतर असते ते या योजनांचे मोठे भाग्य आहे. पाणी आपल्याच भाराने खाली येते, त्याला वीज लागत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या शिलकेचा जो मोठा वाटा अन्यत्र पंपाच्या देयकात जातो तो येथे वाचतो. पण १०० मीटरांची उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम दाब, आणि आमच्या खेड्यांच्या गल्ल्यांतून घातलेली पीव्हीसीची नळी बहुधा ४ किंवा ६ किलोग्रॅमच्या श्रेणीची असते. केंद्र शासनाच्या नियमपुस्तिकेने दीर्घकाळ एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर एवढाच दाब पुरेसा मानला, व वितरणव्यवस्थेत तो सामान्यतः २२ मीटरांपलीकडे जाऊ नये असे सांगितले. उंचीने दिलेले आणि गावाला हवे असलेले यांच्यातील हे अंतर कोठेतरी खर्ची घालावे लागते, आणि ते काम या झडपेकडे सोपविलेले असते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. पाणी वाहत असताना नळीच्या घर्षणात बराच दाब आपोआप खर्च होतो, त्यामुळे भर सकाळी, सर्व नळ सुटलेले असताना, झडप बिघडलेली असली तरी गावातील दाब फारसा भयंकर दिसत नाही. पण रात्री नळ बंद झाले, जलकुंभातील फ्लोट व्हॉल्व्हने आपले तोंड मिटले आणि प्रवाह थांबला, की घर्षण नाहीसे होते व धरणाच्या पातळीपासूनची संपूर्ण उंची आपला पुरा भार सर्वांत खालच्या गावावर टाकते. आमची तपासणी होते दिवसा, आणि झडपेची खरी परीक्षा होते रात्री.

या झडपेची रचना मोठी मनोज्ञ आहे. सर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी खडकवासल्याला जे स्वयंचलित दरवाजे बसविले ते पाण्याच्याच बळाने उघडत व मिटत. त्याच जातीची बुद्धी येथेही कामाला लावलेली आहे. मुख्य झडपेच्या डोक्यावर रबरी पडद्याने बंद केलेली एक कोठी असते. वरच्या बाजूचे थोडे पाणी जाळीतून गाळून, एका बारीक छिद्रावाटे त्या कोठीत येते आणि पडद्यावर भार टाकून झडप मिटवू पाहते. ते पाणी बाहेर सोडण्याचे काम पायलट नावाची लहानशी झडप करते. तिची स्प्रिंग आपण हव्या त्या दाबावर बांधून ठेवतो. खालच्या बाजूचा दाब या ठरावापेक्षा कमी झाला की पायलट उघडतो, कोठी रिकामी होते, मुख्य झडप उघडते. दाब वाढला की पायलट मिटतो, कोठी भरते, झडप मिटते. वीज नाही, माणूस नाही, आणि तरीही रात्रंदिवस हा विवेक चाललेला असतो. स्वयंपाकघरातील गॅसचा रेग्युलेटर हेच काम शेगडीसाठी करतो, इतकेच की तेथे बिघाड झाला तर नाकाला वास येतो.

आता या रचनेत काय काय बिघडू शकते ते पाहू. जाळी गाळाने चोंदली, तर कोठीत पाणी येणे थांबते, असलेले पायलटवाटे निघून जाते, आणि झडप उघडते. पडदा फाटला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि झडप उघडते. खालच्या दाबाची वर्दी पायलटला देणारी नळी तुटली, तर खाली दाबच उरला नाही अशी त्याची समजूत होते, आणि झडप उघडते. झडप जिच्यावर टेकून मिटते त्या बैठकीवर वाळूचा खडा अडकला, तर झडप पुरती मिटतच नाही. पायलट मिटलेल्या स्थितीत अडकला, किंवा त्याची तोटी कोणी चुकून बंद ठेवली, तर मात्र मुख्य झडप मिटून राहते. पण तसे झाल्यास गावाला पाणी मिळत नाही, घटकाभरात सरपंचांचा फोन येतो, आणि दुपारपर्यंत दुरुस्ती होते. बिघाडांपैकी बहुतेक सारे झडपेला उघडे ठेवतात, आणि उघड्या झडपेविरुद्ध कोणीही तक्रार करीत नाही, कारण तिच्यामुळे पाणी अधिक येते. आमच्या कचेरीतील तक्रारवही ही या यंत्राच्या प्रकृतीची नोंद आहे असे जो मानील तो पुरता फसेल.

एका प्रादेशिक योजनेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावी मी नळजोडण्यांच्या पाहणीसाठी गेलो असता तेथील एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या समाधानाने सांगितले, “साहेब, पह्यले नयाले बारीक धार होती, आता बादली पाहता पाहता भरते बाप्पा.” ते समाधान खरे होते, आणि म्हणूनच माझ्या मनात शंका आली. गावाबाहेरच्या, झडपेच्या चेंबरवरील फरशी काढून पाहिले तो आत कमरेएवढे पाणी साचलेले, खालच्या बाजूचा दाबमापक काच फुटून बंद पडलेला, आणि पायलटची जाळी चिकट तांबूस गाळाने अशी भरलेली की तिचे छिद्र कोठे आहे ते शोधावे लागले. त्या गावाच्या खात्यावर गेल्या उन्हाळ्यापासून नळीफुटीच्या दुरुस्त्या एकामागून एक लागलेल्या होत्या. प्रत्येक वेळी नळीचा सांधा बदलला गेला, प्रत्येक वेळी दोष काळ्या मातीच्या हालचालीला दिला गेला, आणि झडपेचे नाव एकाही देयकात आलेले नव्हते. जाळी धुण्याला जेवढा वेळ लागला त्याहून अधिक वेळ चेंबरमधले पाणी उपसण्याला लागला.

काळ्या मातीला दोष देणे सर्वस्वी चूक होते असे मात्र नाही. वऱ्हाडची ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, आणि तिच्यात बांधलेल्या विटांच्या चेंबरच्या भिंती काही वर्षांत तिरक्या होतात. मग पाणी आत शिरते आणि, खारपाणपट्ट्यात ते पाणी क्षारयुक्त असल्याने, नटबोल्ट, पायलटच्या बारीक नळ्या आणि मापके झपाट्याने खाऊन टाकते. त्यात आमचा पुरवठा अखंड नाही. एकाआड एक दिवस, कोठे आठवड्याने पाणी सोडावयाचे, म्हणजे दर खेपेला रिकामी नळी भरावयाची, तिच्यातील हवा बाहेर ढकलावयाची, आणि तुटफुटीतून आत शिरलेली माती थेट झडपेच्या तोंडाशी आणून सोडावयाची. अखंड दाबाखाली राहणाऱ्या नळीसाठी घडविलेल्या या यंत्राला असे वागविणे हीच त्याच्या अल्पायुष्याची पहिली पायरी होय. व्हॉल्व्हमनने घाईने चावी फिरविली तर आणखी एक संकट ओढवते. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ साली दाखवून दिले की धावत्या पाण्याचा वेग एकाएकी बदलला तर दाबाची लाट उठते. लोखंडी नळीत सेकंदाला एक मीटर एवढा वेग अकस्मात थांबला तर सुमारे १०० मीटर उंचीएवढा जादा दाब क्षणात उत्पन्न होतो. झडपेच्या पडद्याने तो धक्का किती वेळा सोसावा?

अधिक दाबाने नळी फुटते एवढेच नव्हे, जी फुटत नाही ती अधिक गळते. ताठ धातूच्या नळीतील भोकातून होणारी गळती दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे दाब निम्मा केला तर गळती सुमारे ७० टक्क्यांवर येते. पण प्लॅस्टिकच्या नळीतील लांबट चीर दाबाबरोबर स्वतःही रुंदावत असल्याने तेथे हाच निम्मा दाब गळतीला ३५ टक्क्यांच्या आसपास आणू शकतो. महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी घेणारे अकोला असो वा सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर विसंबलेली अमरावती असो, जेथे थेंबाची किंमत उन्हाळ्यागणिक वाढते तेथे दाबाचा बंदोबस्त हा नवे धरण बांधण्याइतकाच पाणी मिळविण्याचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

मग उपाय कोणता? चांगल्या प्रतीची झडप घ्यावी हे खरेच, आणि ती नळीच्या व्यासावरून न घेता प्रवाहावरून घ्यावी हे त्याहून खरे. कारण जरुरीपेक्षा मोठी झडप रात्रीच्या अल्प प्रवाहात थरथरत राहते आणि आपलीच बैठक झिजविते. अशा ठिकाणी मोठ्या झडपेशेजारी एक लहान झडप समांतर बसवून रात्रीचा प्रवाह तिच्या स्वाधीन करावा. वरचा दाब खालच्या दाबाच्या तिपटीहून बराच अधिक असेल तर एकीवर सारा भार न टाकता दोन झडपा एकामागे एक बसवाव्यात; त्यामुळे पाण्यात बुडबुडे होऊन धातू कुरतडला जाण्याचे भय कमी होते, आणि एक उघडी पडली तरी दुसरी काही काळ खिंड लढविते. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे: जो बिघाड स्वतः तक्रार करीत नाही त्याला तक्रार करावयास भाग पाडले पाहिजे. झडपेच्या खालच्या बाजूला, ठरावापेक्षा किंचित अधिक दाबावर सुटणारी एक लहान रिलीफ व्हॉल्व्ह बसवावी आणि तिचे पाणी रस्त्याकडेला, शाळेसमोर, चावडीजवळ, जेथे दहा माणसांच्या दृष्टीस पडेल तेथे उघड्यावर सोडावे. मी अशी एक जागा पाहिली आहे की जेथे हे पाणी, रस्ता खराब होऊ नये म्हणून, जमिनीखालून गटारात नेऊन सोडले होते; ती झडप महिनोन्महिने ओरडत होती आणि ऐकणारा कोणी नव्हता. एवढीशी झडप मुख्य झडपेतून लोटणारा सारा प्रवाह पेलू शकत नाही, म्हणून तिला संरक्षण समजू नये. तिचे काम वर्दी देण्याचे आहे, आणि ते ती उत्तम करते.

ज्या ठिकाणी उतार अनुकूल आहे तेथे मी झडपेऐवजी दाब मोडणारी टाकी पसंत करीन. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्याला पाणी आणताना वाटेत जे उच्छ्वास बांधले गेले, त्यांत हवा सुटत असे व पाण्याचा दाबही मोकळा होत असे. आकाशाला उघड्या टाकीत पडद्याला फाटण्याची भीती नाही, आणि तिचा फ्लोट व्हॉल्व्ह बिघडला तर टाकी भरून वाहू लागते व ते सर्वांना दिसते. अडचण एवढीच की अंजनगाव किंवा अकोटच्या उत्तरेला डोंगराच्या पायऱ्यांवर अशी टाकी शोभते, पण पूर्णाकाठच्या सपाटीवर तिला योग्य पातळी मिळत नाही, आणि तेथे झडपेवाचून गत्यंतर नाही.

या झडपेवर काम करणाऱ्यांच्या जिवाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. २५० मिलिमीटर व्यासाच्या पडद्यावर १० किलोग्रॅम दाब असेल तर त्याच्यावरील एकंदर भार ४,९०० किलोग्रॅमच्या घरात जातो. दोन्ही बाजूंच्या स्लूस व्हॉल्व्ह, म्हणजे चावीने मिटणाऱ्या झडपा, मिटवून, तोटी उघडून, मापकाचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहिल्याखेरीज टोपणाच्या बोल्टला पाना लावू नये. बंद चेंबरात एकट्याने उतरू नये, आणि उतरण्यापूर्वी फरशी काढून ते बराच वेळ मोकळे ठेवावे. ही ताकीद लेखी देऊन भागत नाही; रोजंदारीवर नव्याने आलेल्या मुलाला मुकादमाने ती जागेवर उभे राहून दाखविली पाहिजे.

निविदांमध्ये झडपेची किंमत असते, पण पाच वर्षांनी लागणाऱ्या पडद्याची, सुट्या जाळ्यांची व मापकांची तरतूद क्वचितच असते. ती मूळ अंदाजपत्रकातच असावी. आणि प्रत्येक झडपेची बंद प्रवाहातील चाचणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा गढूळ पाण्याचा हंगाम सरल्यावर. झडपेखालची स्लूस व्हॉल्व्ह सावकाश मिटवावी आणि दोहोंमधल्या मापकाकडे पाहत राहावे. काटा ठरावावर स्थिरावला तर बैठक निर्दोष आहे, आणि मिनिटामिनिटाला वर सरकू लागला तर झडप मिटत नाही हे त्याच जागी सिद्ध झाले. याला पाव तास लागतो. वेगळी मंजुरी, वेगळे यंत्र, तज्ज्ञाची भेट यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. चालू स्थितीतला एक दाबमापक, एक चावी, आणि चाचणीच्या आरंभीचा व अखेरचा असे दोन आकडे तारखेसह लिहून ठेवणारा व्हॉल्व्हमन एवढे पुरते.