वर्धेच्या काठी नौकाघर हवे

वर्धा जिल्ह्यातील नाचणगाव आणि पुलगाव ही जोडगावे. एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे परक्या माणसाला उमगत नाही. पुलगावच्या पश्चिमेला वर्धा नदी. पलीकडचा काठ अमरावती जिल्ह्याचा. नदीवर रेल्वेचा पूल आहे आणि त्या पुलावरूनच गावाला पुलगाव म्हणू लागले, असे सांगतात. काठावरच्या ढीवर बांधवांना या नदीची नस न् नस ठाऊक. पण आपल्या वस्त्यांतील पोरांसाठी नदी म्हणजे ‘तिकडे जायचे नाही’ एवढाच धडा.

आईचा हा धाक खोटा नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी याच नदीवर, वरच्या अंगाला वरुड तालुक्यातील झुंज येथे एक होडी उलटली आणि अकरा जण बुडाले. एका नात्यागोत्यातली माणसे. होडी लहान आणि माणसे जास्त. अशा बातमीनंतर कोणती आई लेकराला पाण्याजवळ जाऊ देईल? पण नुसत्या भीतीने कुणी पोहायला शिकत नाही. पोरे चोरून डोहात उतरतातच. म्हणून पाणी शिकवणारी जागा गावाजवळ हवी. तिलाच नौकाघर म्हणतात.

ते कसे असते हे पाहायचे तर पुणे गाठावे. पुलगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने अकोला, भुसावळ, मनमाड करीत पुण्याला जाता येते. तिथे मुळा-मुठेच्या संगमाजवळ १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याचा बोट क्लब १९२८ चा. दरवर्षी ‘रेगाटा’ नावाचा सोहळा होतो. सूर्य मावळताना मुले होड्यांच्या रांगा रचतात, शर्यती लावतात आणि अंधार पडला की सपाट होड्यांवर उभे राहून मशाली नाचवतात. काठावर पुणेकरांची दाटी होते. नदीत सांडपाणी आणि जलपर्णी असूनही मुलांनी ही परंपरा टिकवली आहे.

शर्यतीची होडी आपल्या डोंग्यापेक्षा अगदी निराळी. ती लांबलचक आणि अरुंद. वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. बसायची पाटी चाकांवर मागेपुढे सरकते. पाहणाऱ्याला वाटते, सगळा जोर दंडाचा. खरा जोर मांड्यांचा असतो. पाय रेटले की पाठ ताणते आणि हात शेवटी ओढतात. ऑलिम्पिकची शर्यत २,००० मीटरची. आठ जणांच्या होडीत नववा माणूस दिशा सांभाळतो आणि हाळी देतो. आठांपैकी एकाने जरी ताल चुकवला तरी सगळी होडी अडखळते. एकट्याची मर्दुमकी तिथे कामाची नाही.

आता प्रश्न असा की अशा होडीत बसतो कोण? कॉलेजचा क्लब कॉलेजच्या मुलांचा. गरिबाच्या पोराला ही वाट सहसा दिसतच नाही. परंतु जिथे आपली गाडी थांबते, त्या मनमाडच्या शेजारच्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळी गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जात होता. वडील वारले, घराचा भार त्याच्यावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याला सैन्याच्या रोइंग केंद्रात त्याच्या हाती वल्हे आले. चारच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत तो तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एके दिवशी आजारपणामुळे एकट्याच्या शर्यतीत त्याचे बळ संपले. दुसऱ्याच दिवशी त्याने तीन साथीदारांसह चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. विहीर खोदणारे अंग होडीलाही चालते, हे त्याने दाखवले. ज्या घरात घमेले आणि फावडे आहे, त्या घरात हे बळ आहे. कमी आहे ती संधीची.

आपले तर पाण्याशी नाते लढ्याचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो हक्क न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. ज्यांना तळ्याला शिवू दिले नव्हते, त्यांच्या नेत्याने देशाच्या नद्यांचा आणि नौकांचा विचार केला. पाणी पिण्याचा हक्क आपण मिळवला. पाण्यात खेळण्याचा, पाण्यावर पुढे जाण्याचा हक्क आपल्या लेकरांनी अजून पुरता वापरलेला नाही.

मग करायचे काय? फार पैशाची वाट पाहू नये. आधी पोहणे. विहारात जशी अभ्यासिका चालते, तसा उन्हाळ्यात पोहण्याचा वर्ग चालवावा. शिकवायला जाणत्या ढीवर बांधवांना मानाने बोलवावे आणि त्यांना मेहनताना द्यावा. पावसाळ्यात नदीत उतरू नये. वर मोर्शीजवळ मोठे धरण आहे, पाणी सोडले की पात्र पाहता पाहता फुगते. होडी तळ्याच्या संथ पाण्यात शिकावी आणि जीवरक्षक जाकिटाशिवाय कुणालाही होडीत बसू देऊ नये. मुलींना मागे ठेवू नये, स्त्रियांची नौकाशर्यत १९७६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. चार गावांनी मिळून दोन साध्या होड्या घेतल्या आणि पत्र्याची एक शेड उभारली, तरी नौकाघर झाले. भीमजयंतीला धावण्याच्या शर्यती होतात, तशी एक शर्यत पाण्यावरची का असू नये?

भगवान बुद्धांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. वाटसरूला नदी आडवी येते, ना पूल ना नाव. तो गवत, काटक्या, फांद्या गोळा करून तराफा बांधतो आणि आपल्या हातापायांच्या बळावर पार होतो. वर्धेच्या काठी काटक्या आहेत आणि हातपायही आहेत. बांधायला मात्र आपणच बसले पाहिजे.

जयभीम!