न खाता येणाऱ्या सफरचंदांच्या गावात

सफरचंद म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायला जाताना नेलेली पिशवी. डाएट म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं आणि शुक्रवारपर्यंत सुरकुतलेलं फळ. नाहीतर थेट लॅपटॉपच्या झाकणावरचं ते अर्धवट खाल्लेलं! पण इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला खेटून, हेरेफर्डशायर नावाची एक कौंटी आहे. तिथल्या बहुतेक बागांमधली सफरचंदं कुणी खात नाही. खाऊच शकत नाही. ती पितात!

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून हेरेफर्डची गाडी पकडली की साधारण तीन तासांचा प्रवास. मॉल्व्हर्नच्या टेकड्या येतात, गाडी बोगद्यात शिरते, लेडबरी येतं आणि खिडकीबाहेरचा नजारा बदलतो. लालसर माती, पांढऱ्या तोंडाच्या तांबूस गाई आणि जिकडेतिकडे बागा. मी गेलो ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. झाडाखालच्या गवतात लाल-पिवळ्या फळांचा नुसता सडा पडला होता.

मच मार्कल हे इथलं सायडरवाल्यांचं गाव. १८८० पासून सायडर करणारी वेस्टन्स ही मोठी कंपनी इथलीच. पण मला बघायची होती छोटी सायडरी. गावापासून थोड्या अंतरावर एक मिळाली. जुनं दगडी कोठार, दारात ट्रॅक्टर आणि मालक साठीचे. कामगार म्हणाल तर ते, त्यांची बायको आणि हंगामापुरते दोन पोरगे. बस्स!

पोहोचल्या पोहोचल्या आजोबांनी हातात एक छोटं, गडद लाल सफरचंद ठेवलं. म्हणाले, ‘खाऊन बघा.’ मी एक मोठा घास घेतला आणि कच्च्या जांभळानं होतं तसं झालं. जीभ, गाल, टाळू, सगळं आवळून आलं. आजोबा खूश! पाहुण्यांची रॅगिंग करायची ही त्यांची ठरलेली पद्धत असावी.

त्या फळाचं नाव किंग्स्टन ब्लॅक, मूळ दक्षिणेकडच्या सॉमरसेटचं. सायडरच्या सफरचंदांचे इथे चार गट करतात : गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. किंग्स्टन ब्लॅक शेवटच्या गटातलं. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन, चहात आणि रेड वाइनमध्ये असतं तेच. खाताना तो नको होतो, पण सायडरला अंग येतं ते त्याच्यामुळेच. जातींची नावं तर एकेक भन्नाट. फॉक्सव्हेल्प म्हणजे कोल्ह्याचं पिल्लू, ब्राऊन स्नाऊट म्हणजे तपकिरी नाकाड, शीप्स नोज म्हणजे मेंढीचं नाक. यातलं फॉक्सव्हेल्प सतराव्या शतकापासून ओळखीचं आहे!

सायडर करायची रीत ऐकायला एकदम सोपी. फळं गोळा करायची, धुवायची, दळायची. तो लगदा फडक्यात गुंडाळून थरावर थर रचायचे आणि वरून प्रेसनं दाबायचं. एक टन फळांतून साधारण ६०० ते ७०० लिटर रस निघतो. तो ओकच्या पिंपात भरला की आजोबांचं काम संपलं, यीस्टचं सुरू. हे यीस्ट बाहेरून घालत नाहीत. फळांवर, फडक्यांवर, प्रेसच्या लाकडावर आधीपासूनच असतं. थंडीभर रस पिंपात हळूहळू आंबत राहतो आणि वसंतात सायडर तयार होतं. अल्कोहोल साधारण सहा-सात टक्के. पहिल्या घोटाला तुरट, मग आंबूस आणि शेवटी कोरडं. आपल्याला माहीत असलेल्या गोडगोड, बर्फ घातलेल्या सायडरशी याचं दूरचंच नातं.

हे नातं दूरचं का? ब्रिटनमध्ये २०१० पासूनचा नियम असा की सायडरमध्ये किमान ३५ टक्के फळांचा रस हवा. तोही आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला चालतो. पस्तीस टक्के! आपल्या दहावीच्या भाषेत काठावर पास. आजोबांच्या पिंपात मात्र सफरचंदाच्या रसाशिवाय काहीच नसतं.

मग यांना परवडतं कसं? एक छोटी सवलत आहे. वर्षाला ७० हेक्टोलिटर, म्हणजे ७,००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ आहे. १९७० च्या दशकापासून ही सोय आहे आणि असल्या कितीतरी कोठारांतली पिंपं तिच्यावर तगून आहेत. आजोबाही त्या मर्यादेतच राहतात.

खरी गंमत (आणि खरी काळजी) पुढे आहे. सफरचंदाची बी पेरली तर तेच सफरचंद येत नाही, भलतंच काहीतरी येतं. म्हणजे जात टिकवायची तर कलमच करायला हवं. आपल्या हापूसचंही तेच. जगातलं प्रत्येक किंग्स्टन ब्लॅक हे पहिल्या झाडाचाच तुकडा, एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर गेलेला. कलम बांधणं थांबलं आणि जुनी झाडं पडली की जात संपली. बाजारात विकत मिळणार नाही, कारण हे फळ बाजारात कधी गेलेलंच नसतं. त्याला एकच गिऱ्हाईक आहे, सायडर करणारा!

नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं २०२२ मध्ये जुने नकाशे तपासून काढलेला आकडा असा : १९०० पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या पारंपरिक बागांपैकी ८१ टक्के गेल्या. कुठे घरं झाली, कुठे गहू आला. आजोबांच्या शेजारची बाग एका मोठ्या कारखान्याला फळं द्यायची. करार संपला, पुन्हा झाला नाही. पुढच्या हिवाळ्यात जेसीबी आला. ‘दोन दिवसांत मैदान,’ ते म्हणाले आणि ग्लास पुसत बसले.

पेरीची गोष्ट तर आणखी नाजूक. पेरी म्हणजे पेअरचं सायडर. या पेअरची झाडं दोनशे-तीनशे वर्षं जगतात. आंबा आजोबांनी लावायचा आणि नातवानं खायचा, असं आपण म्हणतो, तसलाच हा मामला. त्यातल्या ‘कॉपी’ नावाच्या जातीचं एक वेळ अशी आली की एकच मोठं झाड माहीत होतं. नाव कॉपी, आणि कॉपी एकच! हौशी लोकांनी काड्या घेऊन नवी कलमं बांधली म्हणून ती वाचली.

आजोबांनी गोठ्यामागची रोपवाटिका दाखवली. गुडघाभर उंचीची चाळीसेक कलमं, प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी. यातली काही झाडं नीट फळं देतील तोवर ते सत्तरी ओलांडतील. मी विचारलं, ‘मुलगा हे करणार का?’ मुलगा ब्रिस्टलला बँकेत आहे, म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच. ‘माहीत नाही,’ आजोबा म्हणाले, ‘पण झाड असलं तर त्याला विचार तरी करता येईल. नसलं तर प्रश्नच मिटला.’

कोकणातला रायवळ आंबा आठवला. चोखून खायचा, बिटक्या, पेटीत न बसणारा. त्याच्याही झाडाला मागणी नसते आणि मग एक दिवस कुऱ्हाड येते. झाड वाचवायचं तर भाषणं हवीतच, पण आधी गिऱ्हाईक हवं.

जायचंय?

लंडनला ऑनसाइट असाल तर एक वीकेण्ड पुरतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हंगाम, मे महिन्यात बहर. हेरेफर्डमध्ये सायडरच्या जुन्या कारखान्यात ‘म्युझियम ऑफ सायडर’ आहे, ते आधी बघा. मग ‘हेरेफर्डशायर पोमोना’ या १८७६ ते १८८५ मध्ये निघालेल्या ग्रंथातली फळांची रंगीत चित्रं शोधा. ॲलिस एलिस आणि एडिथ बुल या दोघींनी काढलेली ही चित्रं निव्वळ अप्रतिम! छोट्या सायडरीत जाण्याआधी फोन करा, टॅक्सी ठरवा, स्वतः गाडी चालवू नका. आणि बाटली घेताना लेबलवर जातीचं नाव शोधा. फॉक्सव्हेल्प, डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, काहीही चालेल. त्या नावाचं एखादं झाड कुठेतरी उभं आहे आणि त्याचं भाडं तुम्ही भरताय.