तारेचे दुखणे

तुमचा उद्योग काय, असे पाहुण्यांनी विचारले की मी ‘मोटारीच्या चाकांची नाडी बघतो’ एवढेच सांगतो. सविस्तर सांगू लागलो तर त्यांचा चहा निवतो. धावत्या गाडीच्या चाकाला रस्ता किती दणके देतो, ब्रेक लागताना किती ओढ बसते, वळणावर किती रेटा येतो, हे मोजणारा सेन्सर रिम आणि हब यांच्यामध्ये बसवतात. त्या आकड्यांवरून हब किती मजबूत हवा ते ठरते. जुलै महिन्यात लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडहून घाटकोपरला जो एकदा गेला, त्याला या मोजणीचे महत्त्व मी काय सांगावे!

सेन्सरच्या अंगावर स्ट्रेनगेज चिकटवलेले असतात. धातू ताणला की त्यांचा विद्युतरोध बदलतो. ३५० ओहमांत अर्धापाऊण ओहम, बस्स. जिथे अर्ध्या ओहमाची एवढी मातब्बरी, तिथे आत तुटलेली तार काय गोंधळ घालील ते बघा. घरात काही हरवले की पहिला संशय गरिबावर. आमच्या धंद्यात उलटा न्याय. लाखांच्या सेन्सरवर सगळे तुटून पडतात, केबलकडे कुणी ढुंकून पाहत नाही.

एका पावसाळ्यात अंधेरीच्या एका वर्कशॉपात असेच झाले. गाडी उभी असताना आकडे शहाण्यासारखे. रस्त्यावर मात्र ४०० किलोंच्या चाकावर मध्येच २००० किलो! गेजला समांतर पावणेदोन लाख ओहमांचा रोध जोडला, की ठरावीक भार पडल्याचा भास होतो आणि आकडा तेवढाच यावा लागतो. तो बिनचूक आला. साहेबांनी निकाल दिला, “केबल ठीक आहे. सेन्सर परदेशी पाठवा.”

पण ही परीक्षा उभ्या गाडीची, सरळ चाकाची! मी हेल्परला स्टिअरिंगवर बसवले, पुन्हा रोध जोडला आणि म्हटले, “डावीकडे पार शेवटपर्यंत वळव.”

“काका, उडाला की हो आकडा!”

कनेक्टरच्या पाठीमागे वरचे वेष्टण शाबूत, आत तांबे तुटलेले. चाक सरळ असले की दोन्ही टोके गुण्यागोविंदाने टेकून बसत.

नवी केबल घातली. तरी रोध जोडून होते ती तारांची परीक्षा, भाराची नव्हे. म्हणून प्रत्येक चाक काट्यावर उभे केले. शिवाय सेन्सर चाकाबरोबर फिरतो; त्याला ‘वर’ कुठे, ते कोनावरून कळते. तो कोन ३ अंशांनी चुकला, तर ४०० किलोंच्या उभ्या भारातले २१ किलो ओढ म्हणून दिसतात. ब्रेकला पायही न लावता!

राहिल्या आधीच्या दोन दिवसांच्या नोंदी. साहेब म्हणाले, “डाव्या वळणांपुरत्या खोडा.” पण तार कधी टेकली, कधी सुटली, हे कुणी सांगावे? खड्ड्याचा खरा दणका आणि तारेचा खोटा दणका कागदावर जुळ्या भावांसारखे दिसतात. खोटा समजून खरा खोडला, तर पुढे कुठल्यातरी घाटात कुणाच्यातरी गाडीचा हब तुटायचा. मी सही दिली नाही. बाचाबाची झाली, डिझेलचा हिशेब निघाला. अखेर दोन्ही दिवसांची फेरी पुन्हा काढली, त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यांतून. पाऊस होताच.