मोत्याचें दुखणें

गेल्या श्रावणांत आमच्या मोत्यानें अन्नास तोंड लावणें सोडलें. ताप येई, उतरे, पुन्हां येई. एके सकाळीं तर त्याच्या नाकांतून रक्त वाहूं लागलें. कोणी उष्णता म्हणे, कोणी विषबाधा. अखेर रक्त तपासल्यावर कोडें उलगडलें. गोचिडीच्या दंशावाटे 'एर्लिकिया' नामक सूक्ष्म जंतु शरीरांत शिरून रक्त गोठविणाऱ्या रक्तपट्टिका घटल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस द्यावयाचें ठरलें.

त्याच्या गोचिडी काढण्याचें काम माझें. परीक्षेच्या सबबीवर मींच तें टाळलें होतें! त्या रात्रीं मी त्याच्यापाशींच बसून राहिलों. चवथ्या दिवशीं तो माझ्या हातची पेज प्यायला आणि त्यानें हळूच शेपटी हालविली. मुक्या जीवास गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं. तें आपणच वेळीं ओळखावें.